पोरांच्या हातात पैसे द्यायला कधी आणि कसं सुरू करायचं

माझी लेक पाच वर्षांची असताना वाण्याच्या दुकानात कसल्यातरी चॉकलेटसाठी हटून बसली. मी म्हटलं, बाळा आज पैसे नाहीयेत. तर ती म्हणाली, "मग स्कॅन कर ना." त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हिने घरात पैसा बघितलाच नाहीये. आम्ही लहान होतो तेव्हा बाबा पगाराच्या दिवशी नोटा मोजून दूधवाल्याचे, पेपरवाल्याचे, किराण्याचे असे वेगवेगळे गठ्ठे करायचे आणि महिनाअखेरीला कुठला गठ्ठा संपला ते आम्हाला डोळ्यांनी दिसायचं. आता फोन पुढे केला की दुकानातला स्पीकर आकडा बोलतो आणि पिशवी आपल्या हातात येते. लहान पोराला ती जादूच वाटणार.

आमचा थोरला आता पंधराचा आहे आणि धाकटी दहाची. दोघांसोबत गेली काही वर्षं जे केलं, त्यातलं काय जमलं आणि काय फसलं ते क्रमाने लिहितेय. वयं अंदाजाने धरा, कारण कुणाला लवकर कळतं कुणाला उशिरा, पण क्रम शक्यतो मोडू नका.

आधी रोख, बाकी सगळं नंतर (साधारण 4 ते 7 वर्षं)

या वयात बचत बिचत शिकवायला जाऊ नका, आधी पैसा हाताळू द्या. घरातली सगळी चिल्लर एका ताटात ओता आणि 1, 2, 5, 10, 20 ची नाणी वेगवेगळी करायला लावा. मग "दहा रुपये किती प्रकारे देता येतील?" हा खेळ. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की हाच खेळ चालायचा.

नोटांचा तर छान खेळ होतो. मागच्या बाजूचं चित्र ओळखायचं. नव्या दहाच्या नोटेवर कोणार्कचं सूर्यमंदिर, वीसच्या नोटेवर आपली वेरूळची लेणी, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. मागेच एका पट्टीत 15 भाषांत रक्कम लिहिलेली असते, त्यात मराठी ओळ शोधायला सांगा. लेकीने "वीस रुपये" वाचलं तेव्हा तिला शाळेतला धडा वाचल्याहून जास्त आनंद झाला होता.

मग पुढचं म्हणजे दुकानात पाठवणं, सुरुवातीला तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा. पन्नासची नोट द्या, एकच वस्तू सांगा, म्हणजे कोथिंबिरीची जुडी किंवा दह्याचं पाकीट, आणि घरातून निघायच्या आधी विचारा की परत किती यायला पाहिजेत. उत्तर चुकलं तरी जाऊ दे, परत आल्यावर सुट्टे मोजताना त्याचं त्यालाच कळतं. या वयात घरातले निदान निम्मे छोटे व्यवहार मुद्दाम रोखीने करा, थोडा त्रास होतो, सुट्टे शोधावे लागतात, पण त्याला पर्याय मला तरी सापडला नाही.

खाऊचे पैसे: किती, कधी आणि त्यात काय काय (7 वर्षांपासून)

इथेच खरी गोम आहे त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

किती द्यायचे हे शेजारच्या पोराला किती मिळतात त्यावरून ठरवू नका. एक महिना फक्त लिहून काढा की पोराच्या फुटकळ मागण्यांवर तुमचे किती जातात, चिप्स, स्टिकर, पेन, आइस्क्रीम, शाळेबाहेरची बोरं-चिंचा, सगळं. थोरल्याच्या वेळी आमचा महिन्याचा आकडा 280 आला होता म्हणून आठवड्याला 70 ठरले. म्हणजे घरातून वेगळा खर्च काही वाढला नाही, जे पैसे माझ्या हातून जात होते तेच त्याच्या हातून जायला लागले. तुमचा आकडा 20 येऊ दे नाहीतर 200, चालतं. शिकणं रकमेवर नाहीये.

दिवस ठरलेला पाहिजे. आमचा रविवार सकाळ. आपणच विसरलो आणि बुधवारी दिले तर पोराला नियोजन करताच येत नाही, आणि वरून आपण त्यालाच बेशिस्त म्हणतो. लहानांना आठवड्याने द्या, महिना त्यांना फार लांब वाटतो. अकरा-बारा वर्षांनंतर पंधरवड्याने आणि मग महिन्याने.

त्या पैशातून काय घ्यायचं हे स्पष्ट बोला. वह्या, डबा, रिक्षा, कपडे, औषधं आईबाबांचं. वरचा खाऊ, खेळणी, मित्राच्या वाढदिवसाचं कार्ड त्याचं. आम्ही एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलं होतं म्हणून नंतरची भांडणं वाचली.

आता सगळ्यात अवघड भाग, पैसे दिल्यावर हात मागे घ्यायचा. थोरला आठ वर्षांचा असताना पालीच्या खंडोबाच्या यात्रेला गेलो होतो, त्याने चार महिने साठवलेले 350 रुपये बरोबर घेतले होते आणि पहिल्याच दुकानात 300 ची एक प्लास्टिकची बंदूक घेतली. मला दिसत होतं की ती दोन दिवस टिकणार नाही. यांनी माझा हात दाबला आणि मी गप्प बसले. पुढच्या रांगेत त्याला हवी असलेली लाकडी बैलगाडी 180 ला होती, त्याने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं तुझ्याकडे किती उरलेत? 50. घरी येईपर्यंत तो रडत होता आणि बंदूक तर तिसऱ्या दिवशी मोडली. मला आतून फार वाईट वाटलं, पण मी भर घातली नाही. पुढच्या वर्षी त्याच यात्रेत तो आधी सगळ्या दुकानांतून एक चक्कर मारून आला, भाव विचारले, आणि मग खरेदीला गेला. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. आठव्या वर्षी 300 रुपयांची चूक झाली, तीच चूक अठ्ठाविसाव्या वर्षी गाडीच्या कर्जात झाली असती तर काय भावात पडली असती, विचार करा.

म्हणून दोन नियम. पैसे मध्येच संपले तर पुढच्या रविवारपर्यंत नाही म्हणजे नाही, आजीकडून गुपचूपही नाही (आजीशी हे आधी प्रेमाने बोलून घ्या, नाहीतर सगळं पाण्यात). आणि मार्क कमी पडले, उलट बोलला म्हणून खाऊचे पैसे कापायचे नाहीत. शिक्षा द्यायचीच असेल तर दुसरी द्या. पैसे कापले की पोराच्या डोक्यात पैसा म्हणजे आईबाबांचा राग किंवा लोभ असं बसतं.

घरकामाचे पैसे द्यावेत का, यावर लोकांची वेगवेगळी मतं आहेत. माझं मत पक्कं आहे की स्वतःचं ताट उचलणं, अंथरुणं काढणं, पाणी भरणं याचे पैसे द्यायचे नाहीत, घर सगळ्यांचं आहे. पण जादाचं काम असेल, म्हणजे रद्दी बांधून विकून आणणं, गाडी धुणं, माळा साफ करणं, त्याचे आधी ठरवून द्यायला काही हरकत नाही. आमच्याकडे रद्दीचे सगळे पैसे पोरांचे, त्यामुळे वजनकाटा नीट बघायलाही शिकले.

तीन बरण्या

मातीचा गल्ला गोड दिसतो पण आत किती आहे ते दिसत नाही आणि फोडल्याशिवाय निघत नाही. त्यापेक्षा लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या घ्या. एकीवर "खर्च", दुसरीवर "साठवण", तिसरीवर "दुसऱ्यासाठी". आमच्या 70 मधले 40 खर्चाला, 25 साठवणीला, 5 दुसऱ्यासाठी. हे प्रमाण पोराला ठरवू द्या, तुम्ही फक्त एवढंच म्हणा की कुठलीच बरणी रिकामी राहायची नाही.

साठवण कशासाठी, ते चित्र काढून बरणीवर चिकटवायचं, नुसतं "साठव साठव" म्हणून कुणी साठवत नाही. आणि इथे एक हिशोब तुम्ही करा. 1,200 ची बॅट हवीय आणि आठवड्याला 25 साठतायत, तर 48 आठवडे. आठ वर्षांच्या पोराला वर्ष म्हणजे कधीच नाही. तो तिसऱ्या महिन्यात सोडून देतो आणि आपण म्हणतो याला चिकाटीच नाही. म्हणून पहिलं ध्येय चार ते सहा आठवड्यांत पूर्ण होणारं धरा, 100-150 रुपयांचं. ते मिळाल्याची चव लागली की मग मोठं. मोठ्या वस्तूला आम्ही "जेवढे तुझे तेवढे आमचे" असं करतो, बॅटीचे 600 त्याचे आणि 600 आमचे, पण आमचे त्याचे 600 पूर्ण झाल्याच्या दिवशीच.

दिवाळीची ओवाळणी, राखी, पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेली नोट, याचं काय करायचं हेही आधीच ठरवा. आमच्याकडे निम्मे साठवणीत, निम्मे त्यांच्या मर्जीने. "दे इकडे, मी ठेवते" म्हणून आईने घेतलेले आणि कधीच परत न आलेले पैसे तुम्हालाही आठवत असतील. मी तसं एकदा केलं होतं, महिनाअखेर होती, धाकटीच्या ओवाळणीतले 500 वापरले आणि सांगायचं राहून गेलं. तिला कळलं तेव्हा ती काही बोलली नाही पण पुढचे दोन महिने तिने बरणी कपाटात लपवून ठेवली. घेतलेच तर विचारून घ्या, वहीत लिहा आणि तारखेला परत द्या.

तिसऱ्या बरणीवर फार बोलत नाही, कुणाला द्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या. आमच्यापैकी एकाने गल्लीच्या गणपतीची वर्गणी स्वतःच्या नावाने फाडली, दुसरीने गल्लीतल्या कुत्रीच्या पिल्लांना दूध आणलं.

घरचा हिशोब पोरांपुढे मांडा (9-10 वर्षांपासून)

बहुतेक घरांत पैशाचं बोलणं सुरू झालं की पोरांना "जा बाहेर खेळ" म्हणतात. आम्हीही म्हणायचो. मग एका वर्षी यांचा पगार तीन महिने रखडला. आम्ही पोरांपुढे सगळं नॉर्मल असल्यासारखं दाखवत होतो पण रात्री हळू आवाजात भांडणं व्हायची. थोरल्याने, तेव्हा तो अकराचा होता, एक दिवस विचारलं, "आई, आपण गरीब झालोय का?" म्हणजे त्याला सगळं ऐकू येत होतं, फक्त आकडे माहीत नव्हते म्हणून तो आमच्याहून जास्त घाबरला होता. त्या रविवारी आम्ही चौघं बसलो आणि सांगितलं, महिन्याला घरात एवढे लागतात, सध्या एवढेच येतायत, शिल्लक एवढी आहे, फी आणि जेवण याला काही होणार नाही, पण बाहेरचं खाणं आणि सहल यावर्षी नाही. त्यानंतर त्याने सहलीचं नावही काढलं नाही आणि मुख्य म्हणजे रात्री नीट झोपायला लागला.

खरा पगाराचा आकडा सांगायचा का, हे तुमच्यावर, पोरं बाहेर बोलतात हेही खरं. पण खर्चाचे आकडे तरी दाखवा. आणि "पैसे नाहीत" हे वाक्य जपून वापरा. पैसे खरंच नसतील तर "आत्ता जमत नाही" म्हणा, असतील पण द्यायचे नसतील तर "यावर खर्च करायचा नाही असं ठरवलंय" म्हणा. दोन्हीला "नाहीत" म्हटलं आणि संध्याकाळी आपण ऑनलाइन साडी मागवली की पोरं पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाहीत.

करून बघायच्या काही गोष्टी. लाईट बिल हातात द्या. 1000 वॅटचं यंत्र तासभर चाललं की 1 युनिट, म्हणजे 2000 वॅटचा गिझर रोज अर्धा तास लावला तर महिन्याला 30 युनिट गेले, आणि 75 वॅटचा पंखा मात्र 1 युनिटमध्ये तेराएक तास चालतो. 100 युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दरही वाढतो, तो तक्ता बिलावर असतो, त्याच्याकडूनच शोधून घ्या. आमच्या लेकीने हे समजल्यापासून गिझरचं बटण बंद करायची ड्युटी स्वतःकडे घेतलीय.

किराण्याला गेल्यावर पाकिटावरची एमआरपी वाचायला लावा, त्यात सगळे कर धरलेले असतात आणि त्याहून जास्त दुकानदार मागू शकत नाही. मग ग्रॅमचा भाव. आम्हाला एकदा 100 ग्रॅमची पेस्ट 70 ला आणि 200 ग्रॅमची 150 ला दिसली, मोठी म्हणजे स्वस्त असं धरून आपण उचलतो. हल्ली बऱ्याच पाकिटांवर ग्रॅममागचा किंवा नगामागचा दर छापलेला असतो, बारीक अक्षरात, तो शोधणं हे पोराचं काम. आणि मग एखाद्या सणाची एक बाजू पूर्ण त्यांच्यावर सोपवा. मागच्या दिवाळीत पणत्या, रांगोळी, आकाशकंदील मिळून 800 रुपये धाकटीकडे दिले, तिने जुना कंदीलच नवा कागद लावून वापरला आणि उरलेल्या पैशात जास्तीच्या पणत्या आणल्या.

बँक आणि पोस्ट (10 पूर्ण झाल्यावर)

आईबाबा पालक म्हणून असतील तर खातं कुठल्याही वयात निघतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 10 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतः खातं उघडून चालवायची परवानगी बँका देऊ शकतात, किती रकमेपर्यंत ते प्रत्येक बँक ठरवते. स्टेट बँकेत यासाठी पहिला कदम (आईबाबांसोबत) आणि पहिली उडान (दहाच्या वर आणि ज्याला एकसारखी सही येते त्याच्यासाठी) अशी दोन खाती आहेत. पोस्टातही 10 वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावाने बचत खातं काढू शकतं, 500 रुपयांत उघडतं. आधार, जन्मदाखला, फोटो, तुमची केवायसी कागदपत्रं घेऊन जा, आणि काउंटरवर स्लिप पोरानेच भरायची, रांगेत त्यानेच उभं राहायचं, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. लेकीने सहीचा सराव आठवडाभर केला होता.

पासबुक असलेलं खातं घ्या. ॲपवर आकडा दिसतो पण पासबुकात व्याजाची ओळ छापून येते ती बघायची मजा वेगळी. आमच्या शाळेत संचयिका होती, दर आठवड्याला रुपया-दोन रुपये बाई वहीत लिहून घ्यायच्या, ती वही मी अजून ठेवलीय.

व्याज शिकवायला पोस्टाची आवर्ती ठेव मला सगळ्यात सोपी वाटते. महिन्याला 100 रुपयांपासून, 5 वर्षं. 6.7 टक्के दराने पाच वर्षांत भरलेले 6,000 आणि हातात येतात साधारण 7,130. दर सरकार तीन महिन्यांनी ठरवतं, पण खातं काढताना जो असेल तोच शेवटपर्यंत. थोडे मोठे झाले की 72 चा हिशोब सांगा, 72 ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला अंदाजे किती वर्षं लागतात ते कळतं. 6 टक्के म्हणजे 12 वर्षं. मग हाच हिशोब कर्जालाही लावून दाखवा, पोरं डोळे मोठे करतात.

सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेबद्दल बऱ्याच जणी विचारतात. ते खातं मुलगी दहाची व्हायच्या आत काढावं लागतं, वर्षाला किमान 250 आणि जास्तीत जास्त दीड लाख, 15 वर्षं भरायचे आणि 21 वर्षांनी पूर्ण. चांगलंच आहे, पण ती तुमची तिच्यासाठीची बचत आहे. तिला शिकायला वेगळं छोटं खातं लागतंच.

उधारी आणि हप्ता

थोरल्याला तेरावं लागलं तेव्हा फुटबॉलचे बूट हवे होते, 900 चे, त्याच्याकडे 500 होते. मी 400 दिले पण वहीत लिहून: आठ आठवडे, दर आठवड्याला 50 आणि वर 5 व्याज. म्हणजे 440. सहाव्या आठवड्यात बूट उसवले आणि दोन हप्ते अजून बाकी होते. त्याने ते भरले, पण तेव्हापासून घरात कुणी नवा फोन हप्त्यावर घ्यायचं काढलं की तो पहिलं विचारतो, हप्ते संपेपर्यंत फोन टिकणार का? क्रेडिट कार्डही याच वयात समजावून टाका, पूर्ण बिल न भरता नुसती किमान रक्कम भरत राहिलं तर उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला नव्हे.

फोनमधला पैसा (शेवटी, बारा-तेराच्या पुढे)

इथपर्यंत आलेल्या पोराला यूपीआय शिकवायला अर्धा तास पुरतो, पण तीन गोष्टी पाठ करून घ्या. पिन पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, "पैसे मिळवण्यासाठी पिन टाका" म्हणणारा चोरच. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, अगदी बँकेतून बोलतोय म्हटला तरी. आणि तिसरी, फसलो तर लगेच आईबाबांना सांगायचं, ओरडा मिळणार नाही. ही तिसरी तुम्हाला पाळायचीय. ओरड्याच्या भीतीने पोरं दोन दिवस लपवतात आणि पहिल्या तासा-दोन तासातच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे अडवता यायची शक्यता सगळ्यात जास्त असते.

तुमच्या फोनवर गेम खेळत असतील तर प्ले स्टोअरला जोडलेलं कार्ड काढून टाका किंवा प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या कायद्याने देशात बंदी आणलीय, तरी लिंका फिरतात, तेव्हा यावर पोरांशी स्पष्ट बोला.

पंधरा ते अठरा

आता आम्ही थोरल्याला महिन्याऐवजी तिमाहीची रक्कम देतो, त्यात रिचार्ज, बाहेरचे कपडे, केस कापणं, मित्रांसोबतचं खाणं सगळं आलं. युनिफॉर्म आणि शिक्षण आमचं. हिशोब दाखवायची सक्ती नाही, मागितला तर दाखवायची तयारी हवी एवढंच. पहिल्या तिमाहीत त्याने जुलैमध्येच महागडे बूट घेतले आणि ऑगस्टमध्ये केस खांद्यापर्यंत वाढवले कारण कापायला पैसे नव्हते. शाळेतून चिठ्ठी आली. मी त्याला चिठ्ठी दिली आणि विचारलं काय करायचं, तर त्याने शेजारच्या काकांची गाडी दोन रविवार धुतली.

याच वयात ठेवींची सुरक्षितताही सांगा, बँकेत 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. आपल्याकडे घरोघरी कुणाचे ना कुणाचे पैसे कुठेतरी अडकलेले असतात, घरातलंच उदाहरण असेल तर तेच सांगा, लाजू नका.

आता सप्टेंबर संपत आला की थोरला कॅलेंडर घेऊन बसतो, पुढच्या तीन महिन्यांत कुणाकुणाचे वाढदिवस आहेत, दिवाळी कधी आहे, ते आधी लिहितो, आणि रकमेच्या खाली पहिली ओळ असते, केस, दोन वेळा.